सवलतीवर सवलत

कापडाच्या दुकानाच्या दर्शनी काचेवर एकाखाली एक अशा दोन पाट्या लावलेल्या असतात. पहिलीवर '२० टक्के सूट' असे लिहिलेले असते आणि दुसरीवर 'त्यावर आणखी १० टक्के सूट'. रस्त्याने जाणारा ग्राहक मनातल्या मनात या दोन आकड्यांची बेरीज करतो आणि शेकडा तीस सूट मिळणार अशा समजुतीने दुकानाची पायरी चढतो. २,००० रुपयांच्या साडीचे आपल्याला १,४०० रुपये द्यावे लागतील अशी त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात बिल होते १,४४० रुपयांचे. दुकानदाराने त्याला फसविलेले नसते. पहिल्या सवलतीने २,००० चे १,६०० झाले आणि दुसरी सवलत मूळच्या २,००० रुपयांवर नव्हे, तर उरलेल्या १,६०० रुपयांवर मिळाली. तिचे मूल्य २०० रुपये नसून १६० रुपये भरले. शेकडेवारीच्या सवलतींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आणि या गुणाकारात ग्राहकाच्या वाट्याला बेरजेपेक्षा नेहमी थोडे कमीच येते.

दोन्ही सवलती शेकडेवारीच्या असतील तर त्यांच्या क्रमाने फरक पडत नाही. आधी दहा टक्के आणि मग वीस टक्के वजा केले तरी १,४४० रुपयेच उरतात. परंतु एक सवलत शेकडेवारीची आणि दुसरी ठरावीक रकमेची असेल, तर क्रमाला महत्त्व येते. समजा, त्याच साडीवर २० टक्के सूट आहे आणि ग्राहकाजवळ २०० रुपयांचे कूपन आहे. कूपन आधी वजा केले तर उरलेल्या १,८०० रुपयांवर २० टक्के सूट मिळून १,४४० रुपये द्यावे लागतात. सूट आधी आणि कूपन नंतर असा क्रम ठेवला तर १,६०० मधून २०० जाऊन १,४०० रुपये उरतात. चाळीस रुपयांचा हा फरक आकस्मिक नाही. पहिल्या पद्धतीत कूपनाच्या २०० रुपयांवर मिळू शकली असती ती २० टक्के सूट बुडाली, आणि ती रक्कम चाळीस रुपयेच होते. म्हणून ठरावीक रकमेची सवलत शेवटी लावली जाणे ग्राहकाच्या हिताचे असते. कोणता क्रम लागू होईल हे बहुधा कूपनाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असते आणि बहुतेक ग्राहक ते वाचत नाहीत.

सवलती निरनिराळ्या वेषांत येत असल्यामुळेही त्यांची तुलना कठीण होते. २०० ग्रॅमच्या पुड्यात त्याच किमतीला '२५ टक्के अधिक' माल मिळतो, तेव्हा ग्राहकाला २५ टक्क्यांची नव्हे, २० टक्क्यांची सवलत मिळालेली असते. कारण पूर्वी ज्या पैशात २०० ग्रॅम येत होते त्यात आता २५० ग्रॅम येतात, म्हणजे प्रत्येक ग्रॅमची किंमत एक-पंचमांशाने उतरते. 'दोनांवर एक मोफत' म्हणजे एक-तृतीयांश सूट. 'एकावर एक मोफत' म्हणजे निम्मी सूट, मात्र ती दुसरी वस्तू हवी असेल तरच. १,००० रुपयांच्या खरेदीवर १०० रुपयांची चिठ्ठी पुढील खरेदीसाठी दिली जाते, तेव्हा १,१०० रुपयांचा माल १,००० रुपयांत मिळतो. ही सूट दहा टक्के नसून नऊ टक्क्यांहून किंचित अधिक होते, आणि चिठ्ठी हरवली किंवा तिची मुदत टळली तर काहीच नाही. या सर्व सवलती 'एका किलोस किती रुपये' किंवा 'एका नगास किती रुपये' अशा एकाच मापात आणून पाहिल्याशिवाय त्या एकत्र करण्याचा विचार निरर्थक आहे.

कूपनाचे पैसे कोण देतो?

गणित हा या विषयाचा सोपा भाग झाला. कोणत्या दोन सवलती एकत्र करता येतात आणि कोणत्या येत नाहीत, हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याचे उत्तर सवलतीच्या आकड्यात सापडत नाही. ती सवलत कोणाच्या खिशातून दिली जाते हे पाहावे लागते. हे समजण्यासाठी ज्या देशात कूपनांची प्रथा रुजली आणि वाढली त्या अमेरिकेकडे वळले पाहिजे.

जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात १८८६ साली कोका-कोला हे पेय प्रथम विक्रीस आले. त्या काळी औषधांच्या दुकानांतूनच सोडा-वॉटरही मिळत असे, आणि त्यात या पेयाचा अर्क मिसळून पाच सेंटला एक पेला अशी विक्री चाले. पुढील वर्षापासून, चिठ्ठी दाखविणाऱ्यास एक पेला विनामूल्य मिळेल अशा आशयाची छापील कूपने वाटली जाऊ लागली. फुकट दिलेल्या पेल्यांसाठी लागणारा अर्क कंपनी दुकानदारास पुरवीत असे, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दुकानदाराचे काही जात नव्हते; उलट त्याच्या दुकानात नवे गिऱ्हाईक येत होते. कूपन ग्राहकाच्या हाती, माल दुकानदाराच्या हातून आणि खर्च उत्पादकाचा, ही तीन पक्षांची रचना येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसते. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथील सी. डब्ल्यू. पोस्ट या धान्यपदार्थांच्या उत्पादकाने 'ग्रेप-नट्स' या न्याहारीच्या पदार्थासाठी एका सेंटचे कूपन काढले, तेव्हा हीच पद्धत किराणा मालाला लागू झाली. आज एक सेंट नगण्य वाटतो. परंतु नवा पदार्थ एकदा चाखून पाहण्यास गृहिणीला प्रवृत्त करण्यापुरता तो पुरेसा ठरला.

त्याच सुमारास आणखी एक प्रथा सुरू झाली. १८९६ मध्ये स्थापन झालेली स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी दुकानदारांना हिरव्या रंगाची तिकिटे विकत असे. दुकानदार ग्राहकाला दर दहा सेंटच्या खरेदीमागे एक तिकीट देई. ग्राहक ती वहीत चिकटवी आणि वही भरली की कंपनीच्या सूचिपत्रातून एखादी वस्तू निवडी. एका वहीत १,२०० तिकिटे मावत. म्हणजे एक वही भरण्यासाठी १२० डॉलरची खरेदी करावी लागे. १९६० च्या दशकात ही तिकिटे अमेरिकन घरांत सर्वत्र आढळत. १९७० च्या दशकात महागाई वाढली तेव्हा दुकानांनी तिकिटांचा खर्च वाचवून किमती उतरविणे पसंत केले आणि वह्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. यातही खर्च कोणाचा हे स्पष्ट आहे: तिकिटे दुकानदाराने विकत घेतलेली असत. त्यामुळे उत्पादकाचे कूपन देऊन खरेदी केली आणि वर दुकानाची तिकिटेही घेतली, तर त्यात कोणाचीही हरकत घेण्यासारखे काही नसे.

१९३० च्या दशकातील मंदीने काटकसर ही गरज बनविली आणि कूपने कापून ठेवणे हा घरकामाचाच एक भाग झाला. पुढे कूपनांची संख्या इतकी वाढली की ती मोजणे हाच एक उद्योग होऊन बसला. १९५७ मध्ये नील्सन या संशोधनसंस्थेने कूपनांचा निकाल लावणारे स्वतंत्र केंद्र उघडले. दुकानांत जमा झालेली कागदी कूपने अशा केंद्रांकडे पाठविली जात. तेथे ती उत्पादकांप्रमाणे वेगळी केली जात, मोजली जात आणि मग ज्याच्या त्याच्याकडून वसुली होई. उत्पादक दुकानदाराला कूपनाची दर्शनी रक्कम तर देतोच, शिवाय प्रत्येक कूपन हाताळण्याच्या श्रमाबद्दल काही सेंट देतो. कित्येक वर्षे हा दर आठ सेंट आहे. अनेक अमेरिकन कूपनांवर 'रोख मूल्य सेंटचा शंभरावा भाग' असा एक चमत्कारिक मजकूर छापलेला असतो. तिकिटांच्या त्या जुन्या प्रथेला आळा घालण्यासाठी काही राज्यांनी केलेल्या कायद्यांत अशा कागदाला काही तरी रोख मूल्य असलेच पाहिजे असे बंधन होते. उत्पादकांनी ते शब्दशः पाळले आणि मूल्य शक्य तितके लहान ठेवले.

आता एक उदाहरण घेऊ. कॉफीच्या एका डब्याची दुकानातील नेहमीची किंमत पाच डॉलर आहे. त्या आठवड्यापुरती दुकानाने ती चार डॉलर केली आहे. दुकानाच्या स्वतःच्या पत्रकात त्याच कॉफीवर ५० सेंटचे कूपन आहे, आणि रविवारच्या वृत्तपत्राबरोबर आलेल्या पुरवणीत उत्पादकाचे ७५ सेंटचे कूपन आहे. तिन्ही सवलती एकत्र केल्यास ग्राहक २ डॉलर ७५ सेंट देतो. दुकानाच्या पदरी मात्र ३ डॉलर ५८ सेंट पडतात: ग्राहकाचे २.७५, उत्पादकाकडून कूपनाचे ०.७५ आणि हाताळणीचे ०.०८. काही दुकाने गिऱ्हाईक खेचण्यासाठी उत्पादकाच्या कूपनाची किंमत दुप्पट धरतात. अशा दुकानात तोच डबा दोन डॉलरला मिळतो, आणि दुकानाला २ डॉलर ८३ सेंट मिळतात, कारण दुपटीचा भार उत्पादक उचलत नाही. म्हणूनच दुप्पट कूपनांचे दिवस ठरावीक असतात आणि त्यांना रकमेची मर्यादा असते.

या हिशेबातून एकत्रीकरणाचा नियम आपोआप निघतो. दुकानाची सवलत आणि उत्पादकाची सवलत एकत्र होऊ शकते, कारण देणारे दोन आहेत आणि प्रत्येकजण एका विक्रीसाठी एकदाच पैसे देतो. एका डब्यावर उत्पादकाची दोन कूपने मात्र चालत नाहीत, कारण एका विक्रीसाठी त्याला दोनदा पैसे द्यावे लागतील. अमेरिकन करव्यवस्थेतही हाच भेद दिसतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात करपात्र वस्तूवर दुकानाने स्वतः दिलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर विक्रीकर लागतो. परंतु उत्पादकाचे कूपन वापरले तर कर त्या कूपनाची रक्कम न वजा करता आकारला जातो, कारण दुकानाला ती रक्कम अखेर मिळतेच.

जेथे कागदाच्या कपट्याला पैशाचे मोल येते तेथे खोटे कपटेही येतात. २०१० ते २०१२ या काळात अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात, शेकडो डॉलरचा माल कूपनांच्या बळावर अगदी थोड्या पैशांत नेणारे ग्राहक दाखविण्यात आले. घराच्या तळघरात दुकानासारख्या फळ्यांवर रचून ठेवलेला माल पाहून प्रेक्षक थक्क झाले. परंतु अनेक दुकानसाखळ्यांनी त्यानंतर आपले नियम अधिक कडक केले. २०१२ मध्ये ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथे बनावट कूपने विकणारी एक टोळी पकडली गेली. २०२१ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील एका महिलेला याच अपराधासाठी बारा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. तिने घरी छापलेल्या कूपनांमुळे झालेले नुकसान तीन कोटी डॉलरहून अधिक होते. नियमाच्या आत राहून सवलती जोडणे आणि खोटे कूपन चालविणे यांतील रेषा अगदी स्पष्ट आहे, आणि ती ओलांडणाऱ्यांच्या नुकसानीची भरपाई पुढे सर्वच ग्राहकांच्या किमतीतून होते.

भारतातील रीत

भारतात अशी कापून ठेवायची कूपने फारशी रुजली नाहीत. त्याचे एक कारण असे की, येथील उत्पादकाची योजना बहुधा ग्राहकाऐवजी दुकानदाराला मिळते: बारा पेट्यांवर एक पेटी, ठरावीक विक्रीवर भेटवस्तू. किराणा दुकानदार त्यातील काही भाग गिऱ्हाइकापर्यंत पोचवितो, काही स्वतःकडे ठेवतो, आणि उधारीच्या रूपाने एक अशी सवलत देतो जिचा उल्लेख कोणत्याही पाटीवर नसतो. ग्राहकासाठी उत्पादकाला काही द्यावयाचे असेल तर तो ते वेष्टनाच्या आतच घालतो. कधी चमचा, कधी वाटी, कधी थोडा जादा माल.

दुसरे कारण वेष्टनावर छापलेली किंमत हे होय. बंद वेष्टनातील मालावर किंमत छापण्याची सक्ती १९७७ च्या नियमांनी आली. त्या वेळी 'स्थानिक कर वेगळे' असे छापण्याची मुभा होती आणि तिचा आधार घेऊन मनास येईल तो कर लावला जाई. १९९० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. परंतु ही किंमत कमाल आहे, नेहमीची नव्हे, हे अनेकदा विसरले जाते. साबण वा मीठ यांसारख्या वस्तूंत छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांत अंतर थोडे असते. शीतकपाट, पंखे, तयार कपडे यांत ते पुष्कळ असू शकते, आणि छापील किमतीवर दिलेली मोठी सूट ही केवळ त्या दुकानातील रोजची किंमत असू शकते.

सवलतींचे आपले म्हणून खास ऋतू मात्र भारतात फार जुने आहेत. तमिळनाडूत आडी महिना विवाहादी शुभकार्यांना वर्ज्य मानला जात असल्यामुळे कापडाची मागणी घटते, आणि नेमक्या त्याच महिन्यात चेन्नईच्या त्यागरायनगरातील दुकाने मोठी सूट जाहीर करतात. बंगालमध्ये वर्षाखेरीच्या चैत्र महिन्यात, नववर्षाच्या पूर्वी जुना माल काढून टाकण्यासाठी विक्री होते आणि कोलकात्याच्या गडियाहाट भागातील पदपथ गर्दीने भरून जातात. या सवलतींमागे उत्पादक नसतो; पडून राहिलेल्या मालात अडकलेले भांडवल मोकळे करण्यासाठी दुकानदार स्वतःच तोटा वा कमी नफा पत्करतो.

दोन निरनिराळ्या खिशांतून आलेल्या सवलती एकत्र होण्याचे सर्वांत परिचित भारतीय उदाहरण खादीचे आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत केंद्र शासन खादीच्या विक्रीवर सूट देत असे, आणि गांधी जयंतीपासून सुरू होणाऱ्या विशेष सुटीच्या काळात काही राज्य शासने तिच्यात आपली भर घालीत. अनेक कुटुंबे वर्षभराचे धोतर, सदरे आणि चादरी याच काळात घेत. या पद्धतीचा दोष असा होता की, सूट संपली की भांडारे ओस पडत, कातणाऱ्या-विणणाऱ्यांच्या हाताला काम मिळण्यात खंड पडे आणि सुटीची रक्कम शासनाकडून मिळण्यास विलंब झाला की संस्थांचे भांडवल अडकून पडे. २०१० पासून केंद्राने विक्रीवरील सूट बंद करून त्याऐवजी उत्पादनाच्या मूल्यावर आधारलेले साहाय्य सुरू केले, ज्यात कारागिरांचाही वाटा ठेवण्यात आला. काही राज्ये सणासुदीच्या दिवसांत आपली सूट अजूनही देतात.

अलीकडे भारतीय ग्राहकापुढे एक तिसरा देणारा उभा राहिला आहे, तो म्हणजे बँक. दुकानाची सूट, उत्पादकाची 'जुने द्या, नवे घ्या' योजना आणि बँकेच्या कार्डावरील सूट, अशा तीन सवलती एका बिलावर जमू शकतात, कारण तीन खिसे वेगळे आहेत. पण त्या जमल्या म्हणजे बचत झालीच असे नाही. समजा, एका शीतकपाटाची छापील किंमत ३२,००० रुपये आहे आणि दुकान ते २६,००० रुपयांना देते. जुने शीतकपाट दिल्यास २,००० रुपये कमी होतात. बँकेच्या कार्डावर १० टक्के सूट आहे, पण कमाल १,५०० रुपये. २४,००० रुपयांवर दहा टक्के म्हणजे २,४०० झाले असते. मर्यादेमुळे १,५०० च मिळाले, म्हणजे प्रत्यक्षात सव्वासहा टक्के. शेवटी २२,५०० रुपये द्यावे लागले आणि बिलावर छापले गेले की, आपली बचत ९,५०० रुपये.

आता शेजारच्या दुकानात तेच शीतकपाट कोणत्याही योजनेशिवाय २३,००० रुपयांना मिळत असेल आणि घरातील जुन्या शीतकपाटाचे भंगारवाला १,२०० रुपये देत असेल, तर हिशेब उलटतो. पहिल्या दुकानात ग्राहकाने २२,५०० रुपये आणि १,२०० रुपयांची वस्तू, म्हणजे एकूण २३,७०० रुपये दिले. तीन सवलती जोडूनही त्याला माल ७०० रुपयांनी महाग पडला. छापील किमतीपासून मोजलेली बचत आणि दुसरीकडे जी किंमत द्यावी लागली असती तिच्यापासून मोजलेली बचत, यांत एवढे अंतर पडू शकते. खरी तुलना दुसरीच होय, आणि ती करण्यासाठी दुसऱ्या दुकानापर्यंत चालत जाण्यावाचून वा निदान चौकशी करण्यावाचून गत्यंतर नसते.

किमान खरेदीच्या अटीचा विचारही असाच करावा लागतो. '१,५०० रुपयांच्या खरेदीवर २०० रुपये सूट' अशी योजना असताना ग्राहकाची खरेदी १,४०० रुपयांची झाली असेल, तर १५० रुपयांचा पंचा घेणे शहाणपणाचे आहे: १,५५० मधून २०० जाऊन १,३५० रुपये होतात, म्हणजे पंचा पदरात पडून वर पन्नास रुपये वाचतात. पंच्याऐवजी ६०० रुपयांची चादर उचलली तर बिल १,८०० रुपयांचे होते आणि चादरीसाठी ४०० रुपये जादा मोजावे लागतात. चादर हवी होती तर हा सौदा चांगला; नको होती तर ४०० रुपये गेले. अट लिहिणाऱ्याला पंच्यापेक्षा चादरीचीच आशा असते हे सांगावयास नको.

हप्त्यांच्या योजनांबाबत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्टपणे कळविले की, शून्य टक्के व्याज अशी कोणतीही गोष्ट अस्तित्वात नाही. बिनव्याजी म्हणविल्या जाणाऱ्या हप्त्यांत व्याज असतेच. ते दुकानदाराच्या वा उत्पादकाच्या सुटीतून भागविलेले असते. म्हणजे रोख पैसे देणाऱ्यास जी सूट मिळू शकली असती ती हप्त्याने घेणाऱ्याच्या व्याजात जिरते. शिवाय कार्डावरील हप्त्यांच्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्यामुळे रोखीची सूट आणि 'बिनव्याजी' हप्ता या दोन सवलती सहसा एकत्र मिळत नाहीत.

कायद्यानेही या क्षेत्रात लक्ष घातलेले आहे. १९८४ मध्ये मक्तेदारीविषयक कायद्यात दुरुस्ती करून अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या घालण्यात आली. ज्या किमतीला विकण्याचा हेतूच नाही अशा स्वस्त किमतीची जाहिरात करणे आणि ज्या वस्तूची किंमत मूळ व्यवहारातच पूर्णतः वा अंशतः वसूल केली आहे ती फुकट असल्याचा आभास निर्माण करणे, या दोन्ही गोष्टी तिच्यात येतात. ग्राहक संरक्षणाच्या १९८६ च्या आणि नंतर २०१९ च्या कायद्यात हीच व्याख्या पुढे चालविलेली आहे.

सवलतीचा भार

विक्रेता सरळ किंमतच कमी का करीत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. कूपन ही एक चाळण आहे, असे अर्थशास्त्र सांगते. ज्याला पैशाची निकड आहे किंवा ज्याच्याजवळ वेळ आहे, तो कूपन शोधील, जपून ठेवील, मुदतीत वापरील. ज्याला एवढी तसदी नको, तो पूर्ण किंमत देईल. एकच वस्तू अशा रीतीने दोन किमतींना विकली जाते आणि दोन्ही गिऱ्हाइके हातची जात नाहीत. साहजिकच पूर्ण किंमत ठरविताना विक्रेता सवलतीचा खर्च तिच्यात धरतो.

ही चाळण काढून टाकण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत जे. सी. पेनी या जुन्या दुकानसाखळीने २०१२ मध्ये केला. कूपने आणि वारंवार होणाऱ्या सवलतविक्री जवळजवळ बंद करून तिने रोजच्याच किमती खाली आणल्या. तर्कदृष्ट्या ग्राहकाचे यात नुकसान नव्हते. परंतु त्या एका वर्षात साखळीची विक्री सुमारे एक-चतुर्थांशाने घसरली. नियमित गिऱ्हाइकांना कमी किंमत मिळत होती, पण किंमत कमी करून घेतल्याचे समाधान मिळत नव्हते. आणि तुलनेसाठी खोडलेला मोठा आकडा शेजारी नसल्यामुळे छोटा आकडा स्वस्त आहे की महाग हेच त्यांना उमगेना. एप्रिल २०१३ मध्ये प्रमुख अधिकाऱ्याला जावे लागले आणि कूपने परत आली. त्या ग्राहकांना हसणे सोपे आहे. परंतु नव्याकोऱ्या वस्तूची योग्य किंमत किती, हे दुसऱ्या एखाद्या आकड्याचा आधार न घेता सांगणे फार थोड्यांना जमते.

या चाळणीतून कोण खाली पडतो, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. सवलती जोडण्यासाठी एकदम जास्त माल घेण्याइतके पैसे, तो ठेवण्यास जागा, दुकाने फिरण्यास वेळ आणि वाहन लागते. रोजच्या मजुरीतून रोजचे पावशेर तेल घेणाऱ्याच्या वाट्याला 'दोनांवर एक मोफत' येत नाही. तो सर्वांत लहान पुडी घेतो आणि तिच्या दर ग्रॅमचा भाव पुष्कळदा मोठ्या पुड्यापेक्षा चढा असतो. कागदी कूपन निदान कोणालाही कापता येत होते. आता सवलती भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये गेल्या आहेत, आणि ज्याच्याजवळ तसा भ्रमणध्वनी नाही किंवा जो तो हाताळू शकत नाही, तो वृद्ध ग्राहक त्याच फळीवरच्या त्याच डब्याला अधिक पैसे देतो. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराच्या नगर परिषदेने २०२५ मध्ये याविरुद्ध नियम केला. किराणा दुकानाने ॲपवर जी सवलत दिली असेल, तीच सवलत मागणाऱ्या ग्राहकास कागदावरही उपलब्ध करून द्यावी, असे त्याने त्या शहरातील दुकानांवर बंधन घातले.